टाकी मारलेली फरशी आणि वाफेचे यंत्र

भर वैशाखात जळगावात वाफ विकायला माणूस येतो, हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले नसते तर कोणाच्या शपथेवरही खरे मानले नसते. ज्या गावात दुपारी नळ उघडला की पहिली बादली बंबातून काढल्यासारखी येते, आणि सायकलचे सीट फडके टाकल्याशिवाय बसण्याजोगे राहत नाही, त्या गावात 'गरम वाफेने आपले घर निर्जंतुक करा' असे सांगायला माणूस धाडणाऱ्या कंपनीच्या धैर्याला माझा आजही नमस्कार आहे. आमच्याकडचे जंतू त्या उन्हात जगले असतील तर ते मालकीहक्काने राहत असावेत. त्यांना वाफेने काय होणार?

ही गोष्ट नव्वदच्या दशकाच्या मध्यावरची. मी तेव्हा निवृत्त झालो होतो. अठरा वर्षे धुळ्याच्या आणि शेवटची दहा जळगावच्या कोर्टात काढली, पैकी बरीच नाझर म्हणून. नाझर म्हणजे काय, हे हल्ली सांगावे लागते. न्यायाधीश निकाल देतात, वकील त्याचे श्रेय घेतात, आणि तो निकाल प्रत्यक्षात उतरविण्याचे, म्हणजे जप्तीचे, ताब्याचे, शिव्या खाण्याचे काम नाझराच्या कचेरीकडे येते. त्यामुळे दोन सवयी अंगात मुरल्या. तोंडी बोललेले काहीही खरे धरायचे नाही, आणि पंचांशिवाय कशालाही हात लावायचा नाही. या सवयींनी माझे कधी नुकसान केले नाही. घरच्यांचे केले असल्यास त्यांनी तशी लेखी तक्रार कधी दिली नव्हती.

यंत्राचा विषय निघण्यास कारण झाली आमच्या घराची फरशी, आणि ती समजल्याशिवाय पुढचे काही समजणार नाही. धुळ्यात आम्ही भाड्याच्या ज्या घरात होतो तेथील जमीन घरमालकाने हौसेने घोटून आरशासारखी केली होती. त्या आरशावर माझी आई एका सकाळी पाण्याचा तांब्या घेऊन जाताना घसरली, खुब्याचे हाड मोडले, आणि पुढची दोन वर्षे ती अंथरुणावरून उठली नाही. ती जाईपर्यंत मी घरमालकाला अकरा पत्रे लिहिली. त्याने एकाचेही उत्तर दिले नाही, फक्त घर रिकामे करण्याची नोटीस दिली. पुढे जळगावला बदली झाली, आणि ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला तेथेच मी स्वतःचे घर बांधायला काढले, तेव्हा एक गोष्ट पक्की ठरविली होती : माझ्या घरात कोणी घसरणार नाही.

शहाबादी फरशी बसली. गवंडी म्हणाला, घोटून देतो. मी म्हणालो, खबरदार. त्या सुमारास जात्या-पाट्याला टाकी लावणारे दोघे भाऊ गल्लीतून ओरडत चालले होते. पाटा झिजून गुळगुळीत झाला की छिन्नीने त्याला बारीक बारीक खाचा मारतात, म्हणजे मिरची सरकत नाही, नीट वाटली जाते. ही टाकी. मी दोघांना आत बोलावले आणि दारापुढच्या ओट्यापासून मोरीपर्यंत सबंध घराच्या फरशीला टाकी लावायला सांगितली. ते आधी हसले. मग माझा चेहरा पाहून कामाला लागले. नऊ दिवस घरात छिन्नीचा टणटणाट चालला होता, आणि गल्लीत अशी बातमी होती की नाझरसाहेब मसाल्याचा कारखाना काढताहेत.

पत्नी तेव्हाच म्हणाली होती, "अहो, पाट्याला टाकी मारतात ती मिरची धरून ठेवावी म्हणून. घराच्या जमिनीनं काय धरून ठेवायचं?"

"पाय," मी म्हणालो. हे उत्तर मला स्वतःला फार आवडले होते. बरीच वर्षे मी ते पाहुण्यांना सांगत असे.

फरशीने पाय धरून ठेवले, हे निर्विवाद. घरात कोणीही घसरले नाही. परंतु तिने पायांबरोबर इतर सर्वही धरून ठेवले. पत्नीचे माहेर असोद्याचे, गावापासून हाकेच्या अंतरावर, घरची केळीची बाग; तिचा धाकटा भाऊ आला की मोटारसायकलच्या मागे केळीचा घड बांधलेला असायचाच. तो घड ओट्याच्या कोपऱ्यात ठेवायचा, आणि कापलेल्या दांड्यातून चीक ठिबकायचा. केळीचा चीक सुकला की काळा पडतो, आणि एकदा काळा पडला की तो जन्मठेपेचा कैदी. शिवाय हिवाळ्यात भरीत. भरताला हात मोकळा सोडून तेल घालणे हा आमच्याकडे पाहुणचार समजतात, आणि त्या तेलाचा वाटा फरशीलाही मिळत असे. एवढे सगळे प्रत्येक खाचेत जाऊन बसायचे. पोछा वरून फिरायचा आणि जमिनीला ओलावा देऊन परत यायचा. खरे काम व्हायचे ते दर आठ दिवसांनी, सोडा टाकून, नारळाची शेंडी हातात धरून, गुडघ्यांवर बसून. ते पत्नी करीत असे. मी पाहत असे, असे म्हणणेही धाडसाचे ठरेल, कारण त्या वेळी मी बहुधा पत्रे लिहीत असे.

मग तिचे गुडघे गेले. डॉक्टरांनी सांगितले, मांडी घालायची नाही, उकिडवे बसायचे नाही, गुडघे टेकायचे तर नावच नको. कामवाल्या दोन लावून पाहिल्या. पहिलीने फरशी पाहिली आणि म्हणाली, "अक्का, हे घासू का खोदू?" दुसरी पाच दिवस टिकली.

अशा दिवसांत पत्नी मुलीकडे धुळ्याला गेली असता शाळेच्या मैदानावरचे वस्तुप्रदर्शन पाहून आली. पिशवीतून घडी केलेला एक रंगीत कागद काढला आणि माझ्यापुढे ठेवला. चित्रात एक बाई उभी राहून, अगदी ताठ उभी राहून, लांब दांड्याचे यंत्र जमिनीवरून फिरवीत होती. खालून वाफ निघत होती. बाई हसत होती.

"हे घ्यावं म्हणते," ती म्हणाली. "उभ्यानं होतं."

लग्नाला तेव्हा तेहतीस वर्षे झाली होती. 'घ्यावं म्हणते' हे शब्द मी त्यांत किती वेळा ऐकले ते एका हाताच्या बोटांवर मोजता आले असते. सरळ माणूस दुसऱ्या दिवशी धुळ्याची बस पकडून यंत्र घेऊन आला असता. मी पत्र लिहिले.

पत्र विक्रेत्या एजन्सीला होते, साडेतीन पानांचे. आपले यंत्र टाकी मारलेल्या शहाबादी फरशीवर चालते काय? चालत असल्यास खाचेतील मळ निघतो, की केवळ खाचेवरील? वाळलेल्या केळीच्या चिकाविषयी कंपनीचा अनुभव काय? आमच्याकडील पाण्याने चहाच्या भांड्याला सहा महिन्यांत पांढरे अस्तर चढते. यंत्राच्या पोटात काय होईल? संध्याकाळी विजेचा दाब इतका उतरतो की दिव्यातल्या तारेचे वेढेसुद्धा मोजता येतात; अशा दाबाला वाफ होते, की नुसते कोमट पाणी? उत्तर लेखी, सहीशिक्क्यानिशी द्यावे. चौदा दिवसांत उत्तर न आल्यास आपणास काही सांगावयाचे नाही असे समजण्यात येईल.

उत्तर आले. छापील होते. 'आमच्या उत्पादनाच्या पसंतीबद्दल आपले हार्दिक अभिनंदन!' खाली सनईचे चित्र. मी काहीही पसंत केले नव्हते, आणि सनई कशासाठी, हे मला आजतागायत समजलेले नाही. मी दुसरे पत्र रजिस्टर पोचपावतीने पाठविले. त्यात एवढेच लिहिले की ग्राहकांसाठी आता स्वतंत्र कायदा आहे, मंच आहे, आणि माझ्याकडे भरपूर वेळ आहे. यातील तिसऱ्या गोष्टीचा परिणाम झाला असावा. आठवड्याने एजन्सीचा प्रतिनिधी स्वतः यंत्र घेऊन प्रात्यक्षिकासाठी येत असल्याचे कळविण्यात आले.

मी तयारी केली. ओट्याचा तो कोपरा, जेथे घड ठेवला जाई, तपासणीचे स्थळ म्हणून मुक्रर केला. पंच दोन. पहिले, समोरच्या घरातले चित्रकलेचे निवृत्त शिक्षक, गल्लीचे 'सर'. हातात खडू आला की त्या गृहस्थांना अजूनही आनंद होई, म्हणून चौकोन आखण्याचे काम त्यांना दिले. दुसरा पंच असोद्याचा मेहुणा. नात्यातला पंच घेऊ नये, हे मला ठाऊक होते. परंतु फरशीवरचा अर्धा चीक त्याच्याच घडांचा होता. मुद्देमालाची ओळख पटवायला तोच योग्य होता.

पत्नी दारात उभी राहून सगळे पाहत होती. "घासायला तेरा वर्षं मी," ती म्हणाली, "आणि पंच शेजारचे."

"तू हितसंबंधी आहेस," मी समजावून सांगितले.

"हो तर. गुडघे माझे आहेत ना."

प्रतिनिधी अकराच्या उन्हात गळ्यात टाय बांधून आला. त्याने आधी टाय सैल केला, मग दोन तांबे पाणी प्यायला, आणि मग पाठ केलेले भाषण सुरू केले. "सर, ही इम्पोर्टेड टेक्नॉलॉजी आहे. फॉरेनमध्ये प्रत्येक घरात आहे. नो केमिकल, नो मेहनत. मॅडम टीव्ही बघता बघता सफाई करणार."

मेहुणा यंत्राभोवती एक फेरी मारून आला. "पाव्हणे, हे त कुकर हाये. दांडी लावेल कुकर."

"कुकर नाही भाऊ, स्टीम सिस्टिम आहे."

"मंग शिट्टी कुठी हाये?"

प्रतिनिधीने पिशवीतून पाण्याची बाटली काढली. ते मोटारीच्या बॅटरीत घालायचे पाणी होते. साध्या पाण्याने आतल्या नळ्या चोंदतात, असे तो हळूच म्हणाला. हे रंगीत कागदावर नव्हते. मी वहीत नोंद केली. पत्नीने विचारले, "म्हणजे रोज जमीन पुसायला गॅरेजमधून पाणी आणायचं?" प्रतिनिधी बाटलीतले पाणी यंत्रात ओतू लागला. तिचा प्रश्नही मी नोंदविला; मला वाटते त्या दिवशी तिच्या बाबतीत मी केलेला पहिला न्याय तो.

सरांनी खडूने दोन फूट बाय दोन फुटांचा चौकोन असा आखला की तो पुसायचे जिवावर यावे. यंत्र सुरू झाले. सुरुवातीला गुरगुरले, मग खालून खरोखर वाफ आली, आणि आमच्या ओट्यावर, जेथे आधीच माणसाला श्वास ओढून घ्यावा लागत होता, न्हाणीसारखी हवा झाली. सर दोन पावले मागे सरले. प्रतिनिधी मात्र बहादूर. टायवर घाम गळत असताना तो चौकोनातून यंत्र पुढेमागे ढकलीत राहिला. ढकलीत म्हणतो ते बरोबर आहे, कारण चित्रातल्या बाईचे यंत्र सरकत होते आणि याचे अडत होते. प्रत्येक खाचेच्या कडेला खालच्या फडक्याचा एक एक धागा अडकून बाहेर येत होता. पाच मिनिटांत फडक्याला बोकडासारखी दाढी फुटली.

मग त्याने यंत्र थांबविले, फडके काढले आणि आमच्यापुढे उलटे करून धरले. काळे कुळकुळीत. "बघा सर! बघा मॅडम! रिझल्ट समोर आहे."

"फडके मळले, हे सिद्ध झाले," मी म्हणालो. "फरशी स्वच्छ झाली, हे अद्याप सिद्ध व्हायचे आहे."

सर गुडघ्यांवर हात टेकून वाकले. फरशीचे उंचवटे उजळले होते, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. मात्र त्यामुळे खाचा अधिकच उठून दिसू लागल्या होत्या. आधी सगळी जमीन सारखी मळकट होती. आता ती देवीच्या व्रणांचा चेहरा पावडर लावून बसावा तशी दिसत होती. पत्नीने कोपऱ्यातल्या खराट्याची एक काडी मोडली, भिंतीला धरून सावकाश वाकली, एका खाचेत काडी फिरवली आणि वर काढली. टोकाला मऊ, काळा, ओला लगदा.

मेहुण्याने तो पाहिला, बोटाने चोळला, आणि पंच म्हणून आपले मत दिले. "घान शिजली, पाव्हणे. निघाली नाई."

कोर्टात एवढ्या वर्षांत मी याहून नेमका निष्कर्ष ऐकलेला नाही.

प्रतिनिधीचा चेहरा उतरला, पण तो हरला नाही. "सर, एक सांगू? यंत्राचा दोष नाही. फरशीचा दोष आहे. असली फरशी मी लाइफमध्ये पाहिली नाही. आमचं यंत्र प्लेन जमिनीसाठी आहे. ही तर..." तो शब्द शोधू लागला.

"पाटा हाये," मेहुण्याने पुरविला.

"हे लेखी द्या," मी म्हणालो.

"काय लेखी देऊ?"

"की टाकी मारलेल्या फरशीवर आपले यंत्र उपयोगी नाही. कागदावर सर्व प्रकारच्या जमिनी म्हटले आहे."

"सर, मी साधा सेल्समन आहे. लेखी दिलं तर मला काढून टाकतील."

हे खरे असावे. मी त्याच्यावर सक्ती केली नाही. पंचनामा करण्याचे ठरविले, त्यावर त्याची केवळ हजर असल्याची सही पुरेशी होती. मी वही मांडीवर घेतली आणि मोठ्याने वाचत लिहू लागलो : आम्ही खाली सह्या करणार पंच, समक्ष हजर राहून लिहून देतो की, तपासणीच्या स्थळी शहाबादी फरशी असून तिचा पृष्ठभाग छिन्नीने खडबडीत केलेला आहे, यंत्र फिरविल्यानंतर उंचवट्यावरील मळ निघाला, खाचांतील मळ मऊ होऊन जागीच राहिला, तो काढण्यासाठी पुन्हा ब्रशने अथवा नारळाच्या शेंडीने घासणे आवश्यक असल्याचे दिसून आले, फडक्याचे धागे निघाले.

"अजून एक लिहा," पत्नी म्हणाली.

"काय?"

"टाकी कोणाच्या सांगण्यावरून मारली. आणि तेव्हा कोणी नको म्हटलं होतं."

"तो या तपासणीचा विषय नाही."

सरांनी घसा खाकरला. ते फार सौम्य गृहस्थ होते. चित्रकलेतसुद्धा त्यांनी कोणाला नापास केले नसावे. "नाझरसाहेब," ते म्हणाले, "खडबडीत केलेला आहे, असं आपण लिहिलंत. कोणी केला, हे ओघानंच येतं. ते नसेल तर मला सही करताना जरा... अर्धवट वाटेल."

"ताईचं बी लिवा ना मंग," मेहुणा म्हणाला. "खरंच त हाये."

ज्या माणसाने आयुष्यभर इतरांच्या जबाबांतून एक शब्द गाळू दिला नाही, त्याला स्वतःच्या ओट्यावर दुसरा पर्याय नव्हता. मी लिहिले : सदर टाकी घरमालकाच्या सांगण्यावरून मारण्यात आली असून त्यास त्याच्या पत्नीने त्याच वेळी तोंडी हरकत घेतली होती. चौघांनी सह्या केल्या. प्रतिनिधीने केलेली सही वाचता येत नव्हती. माझी येत होती. मग पत्नीने त्याला पन्ह्याचा पेला दिला, आणि तो यंत्र खांद्याला लावून दुपारच्या उन्हात स्टँडकडे गेला. त्याचा मला राग आला नाही. राग आला तो 'सर्व प्रकारच्या जमिनी' हे तीन शब्द गारव्यात बसून लिहिणाऱ्याचा, ज्याने बहुधा आपल्या कचेरीच्या जमिनीपलीकडे दुसरी जमीन पाहिली नव्हती.

त्याला मी सोडले नाही. पंचनाम्याच्या प्रतीसह तीन पत्रे गेली. तिसऱ्याला मुख्य कचेरीतून उत्तर आले, टंकलिखित, सहीचे : आमचे यंत्र गुळगुळीत व सांधे बुजविलेल्या पृष्ठभागांसाठी असून अतिखडबडीत दगडी फरशीसाठी त्याची शिफारस करता येत नाही, माहितीपत्रकात तशी दुरुस्ती करण्यात येईल. मी ते दोनदा वाचले. एवढी वर्षे पत्रे लिहून मला इतका स्वच्छ, इतका बिनशर्त विजय क्वचितच मिळाला होता. मी ते घेऊन आत गेलो आणि पत्नीला मोठ्याने वाचून दाखविले.

ती पलंगाच्या कडेला बसून गुडघ्याला तेल चोळीत होती. शेवटपर्यंत ऐकून घेतले.

"म्हणजे यंत्र घ्यायचं नाही."

"अर्थातच नाही. ते आपल्या फरशीला निरुपयोगी आहे, हे त्यांनी मान्य केले."

"बरं. मग आता घासायचं कोणी?"

नाझराच्या कचेरीत अशी माणसे रोज येत. हातात निकालाची नक्कल, तोंडावर आनंद, आणि प्रश्न एकच : साहेब, निकाल तर लागला, ताबा कधी मिळणार? त्यांना मी समजावीत असे की हुकूमनामा म्हणजे कागद. बजावणी झाल्याशिवाय त्याने कोणाच्या पदरात काही पडत नाही. ते मी शेकडो लोकांना सांगितले होते. आता कंपनीचे पत्र हातात धरून मी स्वतःच्या पलंगापुढे तसाच उभा होतो, आणि माझा दावा मी जिंकला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी सोडा, बादली आणि नारळाची शेंडी घेऊन मी ओट्यावर बसलो. कोणाला दाखवावे म्हणून नव्हे. उन्हे चढण्यापूर्वी, दार लोटून घेऊन. किती लाद्या होतात ते पाहावे, एवढाच उद्देश होता. सव्वा तासात पाच झाल्या. पाचवीच्या अखेरीस उजव्या हाताची बोटे मिटेनात, आणि उठताना भिंतीचा आधार घेऊनही दोनदा खाली बसावे लागले. लाद्या मोजून पाहिल्या. ओट्यापासून मोरीपर्यंत एकशे साठाच्या वर होत्या. दर आठ दिवसांनी, तेरा वर्षे. हा गुणाकार मी केला नाही. तो करण्याची माझी हिंमत झाली नाही, असे लिहिले तरी चालेल.

पत्नी चहा घेऊन आली, पाच स्वच्छ लाद्यांकडे पाहिले आणि म्हणाली, "चौथीचा कोपरा राहिलाय."

मग तिनेच तो विषय काढला, जो मी तेरा वर्षे बंद केला होता. फरशी घोटून घ्यायची. हल्ली यंत्र आणून जागेवरच घोटून देतात. तिच्या माहेरी नव्या घराला तसेच केले होते.

"घसरायला होईल," मी म्हणालो. "आईचे काय झाले, विसरलीस?"

हे वाक्य मी या घरात ब्रह्मास्त्रासारखे वापरीत आलो होतो. त्यावर कधी कोणी काही बोलले नव्हते. तिने चहाचा कप खाली ठेवला.

"मी विसरू?" ती म्हणाली. "दोन वर्षं त्यांचं अंथरूण मी बदललं. कूस मी बदलली. तुम्ही घरमालकाला पत्रं लिहीत होतात. निसरडं म्हणजे काय, ते मला शिकवू नका." आणि पुढे, "तुमच्या फरशीवर कोणी पडलं नाही, खरंय. गुडघ्यांवर बसलेलं माणूस पडणार कसं?"

फरशी घोटून घेण्यास मी तेथल्या तेथे संमती दिली, तीही तोंडी.  

तरीही मी सगळे सोडले नाही. जेथे पाणी सांडते तेथे टाकी राहिलीच पाहिजे, यावर मी ठाम राहिलो, आणि गंमत अशी की तीही ठाम होती. मोरी आणि मागच्या पायऱ्या तशाच ठेवायच्या, हे तिने माझ्याआधी सांगितले. वाद उरला तो सीमेचा. स्वयंपाकघरात पाण्याचे पिंप, तेथे पाणी सांडणारच, म्हणून स्वयंपाकघर खडबडीत, हे माझे म्हणणे. स्वयंपाकघरातच तेल सांडते, म्हणून ते सगळ्यांत आधी घोटायचे, हे तिचे. चार दिवस बोलणी चालली. मेहुणा घड घेऊन आला तेव्हा त्यालाही विचारले. त्याने पिंप मोरीजवळ सरकवा असे सुचविले. असे काही सुचते तर एवढी वर्षे सुचले का नाही, म्हणून मी त्याच्यावर रागावलो. "मले कोनी इचारलंच नाई," तो म्हणाला.

घोटणारा माणूस शिरपूरकडचा होता, माझ्याच वयाचा, अबोल. त्याचे यंत्र म्हणजे खाली दगड बसविलेली, जमिनीवर गरगर फिरणारी चक्की. त्याने ओट्यावर सुरुवात केली आणि घरभर राखाडी चिखल वाहू लागला. टाकी लावणाऱ्या दोघा भावांचे नऊ दिवसांचे काम दुपारपर्यंत निम्मे नाहीसे झाले होते. केळीच्या चिकाचे डाग मात्र, जेथे ते दगडात उतरले होते तेथे, पुसट होऊनही राहिले. पत्नी खुर्ची टाकून मधल्या दारात बसली होती. सकाळी दहा वाजता खुर्चीवर बसलेली ती मी आजाराशिवाय कधी पाहिली नव्हती.

यंत्र स्वयंपाकघरात आले. मी आदल्या दिवशी गेरूने रेघ ओढून ठेवली होती : पिंप हलविल्यावर त्याच्या नव्या जागेपासून तीन लाद्या सोडून. तेवढ्या लाद्या खडबडीत राहणार, असा करार. घोटणाऱ्याने यंत्र रेघेपाशी आणून थांबविले.

"इथवरच ना, आबा?"

"इथवरच," मी म्हणालो.

"अजून एक लादी," खुर्चीवरून आवाज आला. "त्या लादीवर मी उभी राहून भाकरी थापते. खाचांतलं पीठ मी काढत बसणार नाही."

"ठरले होते तीन."

"मग थापा तुम्ही."

घोटणाऱ्याने माझ्याकडे पाहिले, मग तिच्याकडे.  पायाने पाण्याची बादली पुढे सरकवली, रेघेवर तांब्याभर पाणी ओतून ती धुऊन टाकली, आणि यंत्र सुरू केले.